रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलेली लेबलं

लातूरच्या भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी मी नांदेडच्या अन्न तपासणी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी निरीक्षक सुशीलाबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसायला गेलो, तर शिपाई गफूरचाचांनी माझा दंडच धरला. "तिथं नका बसू साहेब. पोरगी बसती तिथं." खुर्ची रिकामी होती. बाई तिच्याकडे पाहत सूपच्या पाकिटावरचा बारीक मजकूर मोठ्यानं वाचत होत्या. माझ्या अंगावर काटा आला, हे आज कबूल करतो.

पुढे बाईंनीच सांगितलं. त्यांची भाची सुमन ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली होती. तिला गहू चालत नसे. पोटात गेला की घसा सुजून श्वास अडायचा. छावणीत बाईंनी मदतीतलं सूप स्वतःच्या हातानं तिला पाजलं. पाकिटावर 'घट्टपणासाठी स्टार्च' एवढंच होतं. तो गव्हाचा निघाला.

"मी तपासणी करणारी, अन् कशाचा ते विचारलं न्हाई," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून बाईंचा शिरस्ता ठरला. सूप असो की सॉस, घट्टपणासाठी काय घातलं आणि ते कशापासून काढलं, हे स्पष्ट छापलेलं नसेल तर त्या पाकीट सोडत नसत. "एका शब्दासाठी एवढं?" असं कुणी कुरकुरलं, की खुर्चीकडे बोट दाखवायच्या. "तिला विचारा." भले भले घाम पुसत बाहेर पडत.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. माझी लेक मीराही तिथं शिकायला होती, मेसवर जेवायची आणि दैव असं, की तिलाही गव्हाचं तेच दुखणं. एका दुपारी बाई त्याच मेसमधून तपासणीसाठी आणलेलं सूपचं पाकीट वाचत होत्या. लेबल नियमाप्रमाणे चोख होतं: मक्याचा स्टार्च. बाई मध्येच थांबल्या.

"ऐकत न्हाई ती. उठली. मीराला फोन लावा."

फोन लागला तेव्हा मीराच्या हातात सूपची वाटी होती; तोंडाला लावायच्या आत ती खाली ठेवायला लावली. तपासणीत स्टार्च गव्हाचाच निघाला. लेबल खोटं होतं, हे बाईंना कसं कळलं, ते विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही. माझी लेक त्यांच्यामुळे आहे, एवढं मला पुरतं.

निवृत्तीनंतर बाईंनी ती मोडकळीला आलेली खुर्ची रीतसर मागून घरी नेली. गेल्या महिन्यात मीराला, आता डॉक्टर मीराला, घेऊन त्यांच्याकडे गेलो. ती नकळत त्याच खुर्चीत बसली. मी ओरडणार, तोच बाई हसल्या.

"बसू द्या. सरकली ती."

पंचाहत्तरी गाठलेल्या आमच्या बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सुमनला घाई नाही. बाईंनीही करू नये.