बाजूच्या सीटवरचे दीनानाथ

आमचे हे, म्हणजे दीनानाथ, आयुष्यात कधी सिगरेटला शिवले नाहीत. त्यामुळे कंबरदुखीवर डॉक्टरीणबाईंनी गांजाचं फूल लिहून दिलं (इथे परदेशात ते रीतसर औषध म्हणून मिळतं), तेव्हा टार्निटच्या आमच्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. शेवटी दुखण्यानेच हट्ट मोडला. तिसऱ्या दिवशी यांनी आंघोळ केली, देवघराचा पडदा ओढून घेतला आणि मग छोट्या यंत्रात फूल तापवून पहिली वाफ ओढली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. पण अर्ध्या तासाने उठले आणि कमरेवर हात न ठेवता स्वतःचा चहा स्वतः केला.

अट एकच होती, हे औषध चालू असताना गाडी चालवायची नाही. म्हणजे किल्ली माझ्याकडे आली. एकतीस वर्षं मी बाजूला गप्प बसले, हे मात्र बाजूला बसून सूचना द्यायला लागले. ब्रेक, इंडिकेटर, आरसा! एकदा मी फ्रीवेच्या अलीकडे गाडी थांबवून म्हटलं, "उतरा आणि बसने या." तेव्हापासून तोंड बंद.

परवा डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दुसरं औषध देता येईल, म्हणाल्या, ते घेऊन गाडी चालवता येते.

यांनी माझ्याकडे पाहिलं. "नो, नो, धिस इज फाइन. माय वाइफ ड्राइव्ज व्हेरी वेल."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेही मला नाही, डॉक्टरला, इंग्रजीत.

असू दे. मला इंग्रजी कळतं.