मीच गाइड, मीच नमुना?

फोन आला तेव्हा मी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या बाहेर पत्रकं वाटत होते. ऊन डोक्यावर आलेलं, लोक पत्रक घेत होते आणि न वाचता त्यानंच वारा घालत होते. फोनवर निलेश होता, माझ्या एम.ए.च्या वर्गातला. म्हणाला, "भामरे सर गेले गं. सिन्नरच्या स्टँडवर... नाशिकची गाडी लागली, सगळे चढले, सर बाकावर तसेच बसून. कंडक्टरला वाटलं डोळा लागलाय." हातातला गठ्ठा मी शेजारच्या मुलीकडे दिला आणि तिथंच रिक्षा स्टँडच्या कठड्यावर बसले. आता महिना उलटून गेला. कामगार संघटनेतले सहकारी म्हणाले, तू त्यांची विद्यार्थिनी, सरांवर पत्रक काढ. काढायला बसले. पहिल्याच ओळीत 'बळी' हा शब्द आला आणि पेन थांबलं. सर असते तर त्या शब्दाभोवती लाल गोल काढून बाजूला लिहिलं असतं, 'कशावरून?' तेव्हा हे पत्रक नाही. राग मात्र आहे, तो मी लपवणार नाही.

सर सटाण्याकडचे. अर्थशास्त्र शिकवायचे, सकाळी नाशिकच्या एका कॉलेजात आणि दुपारी सिन्नरच्या दुसऱ्या. दोन्हीकडे 'तासिका तत्त्वावर'. हा शब्द ज्यांच्या कानावर आलेला नाही ते भाग्यवान. तास घेतला तर मानधन. सुट्टी लागली, परीक्षा लागली, कुणी पुढारी वारला, की काही नाही. उन्हाळ्यात नाव कापायचं आणि जूनमध्ये त्याच जागेसाठी, त्याच माणसाची, त्याच टेबलासमोर परत मुलाखत घ्यायची. सरांनी अशा किती मुलाखती दिल्या ते त्यांनाही आठवत नसावं. एकदा हसत सांगत होते, मुलाखत घेणाऱ्यांतला एक त्यांचाच जुना विद्यार्थी होता आणि त्यानं विचारलं, "अध्यापनाचा काही अनुभव?" आम्ही पोरं खूप हसलो होतो. आज मला ते हसू येत नाही.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये त्यांना टेबल नव्हतं, म्हणून ते प्रकल्पाची मुलं कॅन्टीनच्या मागच्या निंबाखाली घेऊन बसायचे. आमच्याकडे प्रकल्पाची एक पद्धत होती, अजूनही आहे. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सची दुकानं आहेत. तिथं मागच्या वर्षांचे बाइंडिंग केलेले प्रकल्प मिळतात. 'निफाड तालुक्यातील द्राक्ष उत्पादकांच्या समस्या व उपाय : एक चिकित्सक अभ्यास' असा एखादा घ्यायचा, निफाडच्या जागी दिंडोरी टाकायचं, सोनेरी अक्षरात नाव छापायचं, झालं. एकाने घाईत आतली पानं बदललीच नाहीत, त्यामुळे त्याच्या प्रकल्पात दिंडोरीचे शेतकरी शेवटपर्यंत निफाडलाच राहत होते. गाइड सही करायचे, परीक्षक मार्क द्यायचे, सगळे खूश. सर एकटेच असे, की नावात 'समस्या व उपाय' दिसलं की कागद परत. "समस्या तुला माहीत आहे, उपाय तुला माहीत आहे," ते म्हणायचे, "मग मधली ऐंशी पानं कशाला? झाडं तोडायला?"

माझा कागदही परत आला. मी काही झेरॉक्सवाली नव्हते. कारखान्यांच्या फाटकसभांमध्ये भाषणं ठोकणारी, स्वतःला फार शहाणी समजणारी. मी विषय नेला होता, 'जागतिकीकरणामुळे कामगारांचे होणारे शोषण'. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांची चीड नेहमी अहिराणीतून यायची. "हाई काय शे?"

"प्रश्न आहे सर."

"प्रश्न? यात प्रश्नचिन्ह कुठाय? हे तुझं पत्रक आहे, पुढारी. दहा ओळींचं छान होईल. शोषण होतंय हे तू आधीच ठरवून आलीस. समज, तू चार महिने हिंडलीस आणि उलटंच काही सापडलं, तर लिहिशील?"

"उलटं सापडणारच नाही."

"मग कशाला हिंडतेस? घरी बस, पाय दुखतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ज्यात तू चुकू शकशील असा प्रश्न आण. आणि असा आण, की एखाद्या माणसासमोर उभं राहून त्याला विचारता येईल. जागतिकीकरण कुठल्या बसस्टॉपवर भेटणार तुला?"

मी पाय आपटत गेले. आठ दिवस धुमसत होते. आणि मग, खरं सांगते, सूड म्हणूनच दुसरा प्रश्न घेऊन आले. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वर्षानुवर्षं कायम होण्याची वाट का बघतो, सोडून का जात नाही? याला प्रश्नचिन्ह होतं. समोर उभं राहून विचारता येत होतं. समोर बसलेलाच होता.

सरांनी कागद वाचला. परत वाचला. निंबाच्या काड्या पडत होत्या वरून, त्यांनी एक झटकली. "मीच गाइड, मीच नमुना?" हसण्याचा प्रयत्न केला त्यांनी, जमला नाही. "हा नाही घेता येणार, बाई."

"का? चांगला नाही?"

"चांगला आहे. तोच त्रास आहे. हा प्रकल्प ऑफिसात जाणार, प्राचार्य वाचणार. जूनमध्ये मला मुलाखत द्यायचीय."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही घाबरता." आजही मला त्यात चूक वाटत नाही, घाबरतच होते ते, आणि ज्यांनी त्यांना घाबरवून ठेवलं त्यांची लाज त्यांनी का वाहायची? सर रागावले नाहीत. म्हणाले, "हो. पण वाट बघणारे काय आम्हीच आहोत? हाच प्रश्न उचल आणि मी नसेन तिथं नेऊन ठेव. सिन्नरच्या कारखान्यांत कंत्राटावरची पोरं आहेत. शेजारच्या कारखान्यात जास्त मिळतं, तरी तिथंच चिकटून बसलेली. का? तुला माहीत आहे?"

"दुसरीकडे काम नाही म्हणून."

"असेल. नसेलही. जा आणि बघ."

गेले. दुपारी सर ज्या गाडीने सिन्नरला जायचे त्याच गाडीने कधीकधी मीही. ते खिडकीशी बसून पेपर तपासायचे, हात छातीवर चोळत. मी विचारलं की म्हणायचे, "ॲसिडिटी. कॅन्टीनचा वडा." औद्योगिक वसाहतीच्या वळणावर चहाची टपरी होती, शिफ्ट सुटली की पोरं तिथं थांबायची. सुरुवातीला मला हसायचे. "ताई, सर्व्हे का? मागल्या वर्षी बी एक आली होती, संडासाचं विचारत होती." मी प्रश्न विचारायची, मालक, ठेकेदार, युनियन, ते 'हा ताई, हा ताई' करत मला हवी ती उत्तरं द्यायचे. वही भरत होती आणि काहीच कळत नव्हतं. सरांना दाखवलं तर म्हणाले, "हे सगळं तूच बोललीयेस, त्यांनी फक्त मान हलवली. प्रश्न विचारून झाला की गप बस ना जरा! गप बसायची सवय नाही तुला."

मग गप बसून पाहिलं. वीरगावकडचा रामदास नावाचा मुलगा होता, माझ्याच वयाचा, पॅकिंगला. त्याला विचारलं, शेजारी जास्त देतात, मग जात का नाहीस? आणि तोंड मिटून चहा पीत राहिले. तो कप फिरवत म्हणाला, "जाऊन कसं चालंल ताई? माझं लगीन 'पोरगा कंपनीत हाय' म्हणून झालंय. नवीन ठिकाणी लागलो तर पयल्यापासून टेम्परवारी. सासरा इचारल, कंपनी का सोडली? इथं निदान म्हणता येतं, होणारंय कायम, लय वर्षं झाली, आता होणारंच. तिकडं गेलो की समद्यांला कळंल, मी कधी कायम नव्हतोच."

बाजूचे दोघे हसले नाहीत. एक म्हणाला, "आमचं बी तेच."

मी चुकले होते, सपशेल. आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकल्यावर बरं वाटलं होतं. शोषण होतं, ते काही गेलं नाही. पण त्या पोरांना जखडणारी दोरी कारखान्याच्या फाटकातून निघून थेट त्यांच्या घरात, सोयरिकीत गेलेली होती आणि मी इतकी वर्षं नुसतं फाटकाकडे बघून ओरडत होते. सरांनी तो भाग वाचला आणि प्रकल्प पिशवीत घालून घरी घेऊन गेले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटून विचारलं, "यात उपाय कुठे आहेत?" मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "तिनं उपाय आणलेला नाही सर, प्रश्न आणलाय. उपाय आपण करायचा आहे." परीक्षकांनी चहा मागवला. मार्क बेताचे पडले.

पुढे दोन-तीन वर्षांनी कॉलेजात एकदाची कायम जागा निघाली. ती भरली. कशी भरली ते मी लिहिलं तर या पुरवणीचे संपादक कापतील. सर नव्हते, एवढंच. जून आला, सर परत मुलाखतीला गेले, परत तासिका. मी त्यांना म्हटलं, उपोषणाला बसा, आम्ही मांडव घालतो. ते म्हणाले, "पोरांचे प्रकल्प तपासायचेत गं." मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता...

शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, पांढरा शर्ट घातलेली माणसं. 'संस्थेचे आधारस्तंभ' म्हणाले त्यांना, ज्यांना बसायला टेबल दिलं नाही. नोटीस बोर्डावर मात्र 'श्री. भामरे यांचे दुःखद निधन' असं लिहिलं होतं. मी ऑफिसात जाऊन विचारलं, इतकी वर्षं शिकवलं, 'प्रा.' लिहायला शाई संपली होती का? क्लार्क म्हणाला, "मॅडम, प्राध्यापक म्हणून मान्यता नव्हती ना. ऑडिटला प्रॉब्लेम येतो." नोटिसीचं ऑडिट! मी तिथं जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

मागच्या रविवारी सिडकोत काकूंकडे गेले, सरांच्या पत्नीकडे. त्यांच्या भरवशावर मी पत्रक पुरं करणार होते. विचारलं, "काकू, सरांनी कधी हे सोडायचं मनात आणलं नाही?"

काकू शेंगा सोलत होत्या. "आणलं की. तुझा तो सिन्नरचा प्रकल्प घरी आणला होता यांनी. जेवताना मला वाचून दाखवला. तो पोरगा म्हणतो ना, सासरा विचारेल... तिथं थांबले. म्हणाले, आपण सोडू या का? सटाण्याला दिरांचं खताचं दुकान आहे, ते कधीचे बोलावत होते."

"मग?"

"मी नाही म्हटलं." हात थांबला नाही त्यांचा. "मुलीचं बघत होतो तेव्हा. वडील काय करतात विचारलं की प्राध्यापक म्हणता यायचं. खताच्या दुकानात बसतात, असं कसं सांगायचं? म्हटलं, तिचं होऊ द्या, मग बघू. तिचं झालं. नंतर त्यांनी विषय काढला नाही... मीही नाही काढला."

मी गप्प बसले. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. काकूंवर रागावता येत नाही आणि संस्थेला मोकळं सोडता येत नाही. या दोन गोष्टी एका पत्रकात मावत नाहीत. पत्रक मी काढलेलं नाही. काढेन की नाही, माहीत नाही.

निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. दारावर पितळी पाटी आहे, सरांच्या नावाची, मुलीच्या लग्नाच्या आधी काकूंनीच रविवार कारंजाच्या बाजारातून करून आणलेली. बोलता बोलता त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पाटी पुसू लागल्या. दर शनिवारी चिंच लावून घासतात म्हणे, सर गेल्यावरही एक शनिवार चुकलेला नाही. आडनाव, एम.ए., एम.फिल. सगळं ठळक आहे. काकूंचं बोट सुरुवातीलाच जास्त फिरतं. तिथलं 'प्रा.' इतकं झिजलंय, की ते आहे हे ठाऊक असलेल्यालाच वाचता येतं.