हातात तोलून घेतलेला सप्लाय

गेमिंग कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मी पितळेच्या पातेल्यासारखा हातात तोलून घेतला. हसा, खुशाल हसा. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी जेमतेम एकाहत्तरची होते, पोरवयच म्हणायचं, अक्कल यायची होती.

नात दहावीपर्यंत ग्वाल्हेरच्या याच घरात वाढली आणि मग बापाच्या नोकरीमागे बंगळुरूला गेली. सुरुवातीला उन्हाळ्यात महिनाभर यायची. कॉलेजात गेल्यावर महिन्याचे दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी बॅग भरायची आणि म्हणायची, "आजी, तिकडे माझा गेम है ना, टीम वाट बघते." ती गेली की घर इतकं गप्प व्हायचं की कुकरच्या शिट्ट्या मी मोठ्याने मोजायची. तेवढाच माणसाचा आवाज.

मग ठरवलं, गेमच इथे आणायचा. शेजारणीच्या मुलाला हवाय अशी थाप मारून नातीकडूनच सामानाची यादी मागवली. शेवटी तिने लिहिलं होतं, "सप्लाय में कंजूसी मत करना. साडेसहाशे वॅटचा, चांगलाच घ्यायला सांग."

सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटून देणारा डबा. जयेंद्रगंजातल्या दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. दोन्हींवर साडेसहाशे लिहिलेलं. मी एक या हातात घेतला, एक त्या हातात. तो ज्याची तारीफ करत होता, तो अगदीच हलका. दुसरा कसा, भरलेल्या तांब्यासारखा! बोटाने वाजवूनही पाहिला.

"अम्माजी, ये तौल के थोड़े ही लेते हैं. वो भारी वाला लोकल है."

"बेटा, पचास साल नया बाज़ार में बर्तन ऐसे ही लिए हैं. आज तक कोई ठग नहीं पाया."

त्याने हात जोडले आणि तोच डबा घालून मशीन जोडून दिलं. मी विजयी मुद्रेने रिक्षात बसले. चार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला, म्हणजे मलाच, आज कुठे भेटले तर कान पिळीन.

मे महिन्यात नात आली. मशीन पाहून किंचाळली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "पंधरा दिवस हलत नाही." मी लगेच तीन कैऱ्यांचा तक्कू केला.

संध्याकाळी तिचा गेम रंगात आला आणि पडदा काळा. "ग्वाल्हेरची लाइट!" मी म्हटलं. तिने नुसतं वर बघितलं. पंखा फिरत होता, कूलर घरघरत होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रविवारी तिच्या टीमची मॅच होती.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने माझा वजनदार डबा उघडला. आत नखाएवढं सामान आणि तळाला स्क्रूने आवळलेली लोखंडाची जाड पट्टी. वजनासाठी. नातीने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"और वो हलका वाला?" नात रिक्षा बघायला बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं.

"वो तो बिक गया, अम्माजी. नया हफ़्ते भर में आएगा."

हफ्ताभर थांबायला रविवार तयार नव्हता. शुक्रवारी ती गेली. तक्कूची बरणी बरोबर द्यायची राहूनच गेली.

हलका डबा आला. बसवून घेतला. त्यानंतर मशीन कधी बंद पडलं नाही. पडणार कसं, चालवतंय कोण? संध्याकाळी मी ते नुसतं सुरू करून ठेवायची. आतले दिवे लागायचे, बारीक पंखा गुणगुणायचा. मी शेजारी बसून भाजी निवडायची.

डबा मीच हट्टाने निवडला होता, हे दुकानदार तिच्यासमोर बोलला नव्हता, म्हणून नातीला ठाऊक नव्हतं. ती बिचारी दुकानदारालाच शिव्या देत होती. महिनाभराने फोनवर सगळं कबूल केलं, तोलणं, वाजवणं, पचास साल, सगळं. हेही विचारलं की, मशीन विकून टाकू का गं, कोणाच्या तरी कामी येईल.

ती आधी इतकी हसली की तिला ठसका लागला.  

मग ती म्हणाली, "विकायचं नाही, आजी. दिवाळीत मला जमणार नाही, सच बता रही हूँ, पण रोज सात वाजता मशीन लाव, मी तुला टीममध्ये घेते. गेममध्ये तू नुसती माझ्या मागे उभी राहा, मारायचं काम मी करते."