वहाणा काढून बोलणारा भिका

कुणाला कडू खरं सांगायचं असलं, की भिका आधी पायांतल्या वहाणा काढायचा. इतर वेळी त्याची बडबड वहाणांसकट चालायची. पण ऐकणाऱ्याला झोंबणार असेल, तर खाली वाकून त्या जाडजूड, करकरत्या वहाणा काढायच्या, भिंतीकडे सारायच्या आणि मगच तोंड उघडायचं. का रे बाबा, असं विचारलं तर म्हणायचा, "खरं बोलणं म्हंजी देवापुढं हुबं ऱ्हाणं. तिथं काय वहाणा घालून जातेत व्हय?" कचेरीत तो वाकला, की निम्मे कारकून पाणी प्यायच्या निमित्तानं सटकायचे.

आम्ही दोघंही दौलताबादचे. माझ्या घरी शेती, त्याच्या घरी मेंढरं. पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य गेल्यावर कचेऱ्यांतले उर्दू कागद मराठीत येऊ लागले, तेव्हा दोन्ही लिहिता येणाऱ्या मला औरंगाबादेत कारकुनी मिळाली आणि त्याच कचेरीत भिका शिपाई झाला. चारचौघांत मला 'कारकूनसाहेब' म्हणायचा आणि जिन्यात गाठून दटावायचा, "दत्त्या, सदऱ्याचं बटन लाव."

माझा डावा कान लहानपणीच कायमचा गेलेला. घरच्यांखेरीज ही गोष्ट फक्त भिकाला ठाऊक होती. साहेब मजकूर सांगत आणि मी उतरून घेई. बहिरेपण कळलं असतं तर नोकरीवर गदाच आली असती. म्हणून साहेब यायच्या आधी भिका रोज माझी खुर्ची वळवून ठेवायचा, उजवा कान साहेबांकडे येईल अशी. रस्त्यानंसुद्धा तो माझ्या उजव्या अंगानंच चालायचा. इतक्या वर्षांत त्यानं कुणापुढं चकार शब्द काढला नाही.

मग बिडकीनचं स्थळ आलं. मामांनी बजावलं, "कानाचं काय ते लग्न झाल्यावर बघू." मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मुलगी मला फार आवडली होती. आमच्याकडची रीत अशी, की मुलीचा बाप मुलाच्या दोस्ताला गाठतो, चहा पाजतो आणि खोदूनखोदून चौकशी करतो. तिच्या वडिलांनी भिकाला कचेरीसमोरच्या हॉटेलात नेलं. मी खिडकीतून बघत होतो. बशीतला चहा संपला, त्यांनी काहीतरी विचारलं, आणि भिका खाली वाकला.

मेलो, म्हटलं!

स्थळ मोडलं. मी भिकाला नाही नाही ते बोललो, घरभेद्या म्हणालो. तो भिंतीशी अनवाणी उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कचेरीत झाकलं ते तुझं पोट व्हतं, दत्त्या. हितं दुसऱ्याच्या लेकीचा जलम व्हता. तिला कळू न देता कसं झाकू?"

दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. माझा स्वभावच तसला, भडकलो की भडकलो. पण त्या दोन महिन्यांत एकही सकाळ अशी गेली नाही, की खुर्ची वळवलेली नव्हती. मी फुरंगटून यायचो आणि मुकाट्यानं त्याच खुर्चीत बसायचो. एक दिवस माझीच मला लाज वाटली. जिन्यात त्याला गाठून माफी मागायला लागलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बटन लाव आधी."

पुढच्या स्थळाला मी चहा यायच्या आधीच कानाचं सांगून टाकलं. मामांनी कपाळावर हात मारला. मुलगी डावीकडून कप घेऊन आली होती, ती थबकली, वळसा घालून उजवीकडे आली आणि म्हणाली, "चहा घ्या." ती सुशीला. चाळीस वर्षं झाली, अजून त्याच बाजूला बसते. आमच्या हळदीला भिका ढसाढसा रडला होता.

पेन्शनीत गेल्यावर त्याच्या पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या थोरल्या मुलानं माझे हात धरले. "काका, आता उपाय नाय म्हणले डाक्टर. पण आबाला सांगू नका, तुम्हाला माझी आण." मी बरं म्हणून आत गेलो.

"काय म्हणला डाक्टर?" भिकानं विचारलं.

"अरे, महिन्याभरात हिंडाफिरायला लागशील."

त्यानं उशीवरून मान उचलली आणि खाटेशेजारी, माझ्या पायांकडे बघितलं. "बूट पायातच हायेत तुझ्या," तो म्हणाला.

पोराचे हात आठवले, आणि ती रोज वळवलेली खुर्चीही. खाली बसून मी नाड्या सोडायला लागलो. एक गाठ काही सुटेना. भिका घाई न करता थांबला. बूट भिंतीकडे सारून मी त्याला सगळं सांगितलं.

त्यानं मान परत उशीवर टेकली. मग म्हणाला, "पोराला सांग, उद्या गावाकडं न्या मला. मेंढरं दिसतील आसं टाका." मी हो म्हणालो. माझं रडं काही थांबत नव्हतं.

माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून तो हळूच म्हणाला, "आता घाल बूट. फरशी लई गार हाय."