पहिल्या नंबरचं स्थळ

माणसाचा फोटो डेटाबेसमध्ये टाकला म्हणजे तो नक्की कुठे जातो? दादाला विचारलं की तो नुसता हसायचा. मी नववी नापास, त्यामुळे दुसऱ्या कुणीही सांगायची तसदी घेतली नाही. रत्नागिरीत आम्ही दोघं भाऊ एका छोट्या दुकानातून वधू-वरांची वेबसाइट चालवायचो. किस्से इतके साठले की लोक ते ऐकायलाच दुकानात येऊन बसायचे. आता सांगणारा मी एकटाच आहे.

*

पावस गावच्या एका खलाशाने आखातातून फोटो अपलोड केला. फोटोत अख्खं जहाज! दादाने मेल करून विचारलं, यात तुम्ही कुठे? उत्तर आलं, डेकवर, निळ्या शर्टात. मोठं करून बघितलं तर निळे शर्ट अकरा.

दादा म्हणाला, "राहू दे. जहाज बघून तरी कोणी हो म्हणेल."

म्हणाली की एक. आता दोन मुलं आहेत त्यांना.

*

आधी फोटो सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये असायचे, डेटाबेसमध्ये फक्त त्यांची नावं. एकदा जागा भरली. मी दादाला न विचारता तो फोल्डर उडवला. आधी करायचं, मग विचारायचं, ही माझी सवय. साइटवर सगळ्या चेहऱ्यांच्या जागी लाल फुल्या आल्या.

हेदवीच्या एका बाईंचा फोन आला, "माझ्या पोरीच्या तोंडावर फुली मारलीन कोणी?"

दादाने माफी मागितली. माझं नाव सांगितलं नाही. सगळ्यांकडून फोटो परत मागवले आणि ह्या वेळी ते डेटाबेसमध्येच घातले, नाव-गाव-शिक्षण असतं त्याच ओळीत. मला म्हणाला, "आता माणूस काढल्याशिवाय फोटो जायचा नाय."

*

मग साइट फार हळू चालायला लागली. फोटो वरून खाली उतरायचा. आधी केस, मग कपाळ, भुवया. नाकापर्यंत चहा संपायचा.

आमची आत्या मुलीसाठी स्थळं बघत होती. एक कपाळ उतरल्यावरच म्हणाली, "बंद कर रे. हा भांडणार."

*

साइट चालते का बघायला दादाने पहिलं स्थळ स्वतःचंच टाकलं होतं. नंबर एक. फोटो मी काढलेला. 'स्वभाव' समोर मी 'शांत' लिहिलं, ते त्याने खोडलं नाही.

मे महिन्यात सावर्ड्याहून येताना हायवेवर ट्रकने त्याच्या बाइकला ठोकलं.

दुकानाचा फोन मी घरी वळवून घेतला होता. दिवसकार्य झालं तरी नंबर एकसाठी फोन यायचे. एकदा तो आईने उचलला. समोरच्या बाईंनी मुलाची उंची विचारली. आईने सांगितली, बरोबर सांगितली.

मी दादाची नोंद काढायला बसलो. 'काढून टाका' दाबलं की त्याच ओळीतला फोटोही जाणार होता. माझं बोट चालेना.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. आईच्या आधी मी उचलला. एक गृहस्थ होते. मुलीला फोटो आवडलाय, म्हणाले, कधी येऊ?

मी म्हटलं, "काका, दादाचं ठरलं."

"अरेरे. म्हणजे चांगलंच झालं हो. मुलगी कुठली?"

मी लांबची आहे म्हणालो.

'काढून टाका'च्या शेजारी दादाने आणखी एक बटण केलं होतं, 'लग्न ठरलं'. ते दाबलं की स्थळ यादीत दिसत नाही, पण फोटो आत राहतो. ठरलेलं मोडलं तर लोकांना परत सगळं भरायला नको, म्हणून.

मी नंबर एक उघडला. फोटो पूर्ण खाली उतरेपर्यंत थांबलो. मग ते बटण दाबलं.