बाई मंचावरून उतरल्या

बाई आमच्याकडे आल्या की ओसरीच्या कडेला टेकायच्या, वहाणाही न काढता. चहा निवायच्या आत उठायच्या. "चला ना मास्तर, काऊन बसून राह्यले?" हे त्यांचं नेहमीचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती येऊन गेली की दिवसभर आपल्याला उगाच आळशी वाटत राहतं.

मी तेव्हा सावली गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. बाई आमच्याच गावच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. तरुणपणीच विधवा झाल्या आणि एटापल्लीकडच्या एका माडिया आदिवासींच्या गावात जाऊन राहिल्या. तिथे हिवतापाच्या गोळ्या वाटायच्या, पोरांना अक्षरं शिकवायच्या, आणि वेळ आली की ठेकेदाराशी भांडायच्या.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. त्या गावालगतच्या बांबूच्या बेटांचा ठेका एकाला मिळाला. गावाची घरं, टोपल्या, पावसाळ्यात खायचे कोवळे कोंब, सगळं त्या बेटांवर. कटाई दिवाळीनंतर कधीही सुरू होणार होती. आणि नेमकं त्याच सुमारास मद्रासजवळ देशोदेशींच्या कार्यकर्त्यांचं संमेलन भरत होतं. जंगल, जमीन आणि शांततेसाठी झटणाऱ्यांचं. बाईंना बोलावणं आलं. त्या जायला तयार नव्हत्या. गावचा म्हातारा प्रमुखच म्हणाला, "आमचं कोनी आयकत नाई, बाई. तू जा. मोठ्या लोकायले सांग."

दुभाषा म्हणून मी बरोबर गेलो.

मंडप समुद्राजवळ होता. माणसं चांगली होती, तळमळीची होती. पण ठरावातल्या एका शब्दावरून अर्धा दिवस वाद चालला, आणि बाई मंडपामागे येरझारा घालत राहिल्या. "हे कवा संपन, मास्तर?"

नॉर्वेहून आलेली एक उंच, पिकल्या केसांची बाई होती. तिच्या गावची दरी धरणाखाली जाणार होती. तीही मंडपात टिकेना. दोघी वाळूतून फिरायच्या. बाई झाडीबोलीत, आमच्या भागातल्या मराठीत बोलायच्या, ती तिच्या भाषेत. मी मागून चालायचो, पण मला कुणी अर्थ विचारला नाही.

बाईंची बोलायची पाळी आली. त्या मंचावर चढल्या, दोन्ही हातांनी मेज धरलं.

"मी गोष्ट सांगाले आली होती. पन तिकडं कुऱ्हाडी चालून राहिल्या असतीन. माह्या बाया बेटात उभ्या असतीन, अन् मी इथी! ज्याले आयकाचं असन, त्यानं माह्यासंगं यावं."

नमस्कार करून त्या उतरल्या आणि थेट फाटकाकडे निघाल्या. मी अजून पहिल्या वाक्याचं इंग्रजी करत होतो! धावत गाठलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी कवाची आहे?"

"उद्याची."

"मंग ठेसनावर थांबू."

स्टेशनवर पोचलो तर मागून पिशवी सावरत नॉर्वेची बाई येत होती. एवढ्या संमेलनातून ती एकटीच.

रेल्वेने बल्लारशा, मग मोटार, मग बैलगाडी. बाई गाडीत बसेनात, बैलांच्या पुढे चालत राहिल्या. गावाशी पोचलो तेव्हा बांबूची अर्धी टेकडी उघडी झाली होती. उरलेल्या बेटात बायका ठाण मांडून होत्या.

"मी गेलीच नसती तं?" बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

म्हाताऱ्याने खुंटांकडे पाहिलं. "तू असती तरी कापलंच असतं. आता आली ना!"

नॉर्वेची बाई बायकांमध्ये जाऊन बसली. गोरी बाई पाहून ठेकेदाराचा मुकादम गोंधळला. ही दिल्लीहून आली असावी, असं त्याला वाटलं. कटाई थांबली, मग जंगलखात्याचे साहेब आले, बोलणी झाली. उरलेलं बेट वाचलं. नॉर्वेची बाई पुढे तिच्या देशी गेली. तिच्या दरीचं काय झालं, मला कधी कळलं नाही.

कुऱ्हाडी पुढच्या हंगामात दुसऱ्या टेकडीवर गेल्या. बाईही तिकडे गेल्या. तिथेच, काही वर्षांनी, तापाने गेल्या.

मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा म्हाताऱ्याने मला गावाबाहेर नेलं. माडिया लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी उभे दगड रोवतात. तिथे तसे बरेच होते. जुने, काळे, कललेले. एकाच्या बुडाशी माती अजून भुसभुशीत होती. त्यावर नाव नव्हतं. म्हाताऱ्याने तिथली माती पायाने दाबून घट्ट केली.

"हे आमची बाई," तो म्हणाला.