पोचे पडलेला डबा

नातीला वाजवायला माळ्यावरून पोचे पडलेला पिठाचा डबा काढला आन् निमोणे गावातली ती दुपार आठवली. लेक तीन वर्षांची झाली तरी बोलत न्हवती. मी गायचे, ती पळीनं डबा बडवायची. माझ्या आवाजानं म्हैस पान्हा चोरायची, पण तोरा मोठ्या गाणारणीचा! "गरम भाऽकर कुणाला?" असं गाऊन मी थांबायचे आन् "बाबाला!" हे पण मीच म्हणायचे. त्या दुपारी आमचे हे रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून झोपलेले, म्हणून मी गप्प होते. तर लेकीनं आपणच डबा बडवला आन् ओरडली, "बाबाला!" हे दचकून उठले. "कोण बोललं गं?" "तुमची लेक!" मी ताठ मानेनं म्हणाले. आता तीच तिच्या पोरीला गाणं शिकवते आन् मला बजावते, "आई, तू नुसता डबा वाजव."